डेटासाठीचं अनुदान पक्षकारांच्या तोंडचा घास पळवतं?

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: डेटा-संशोधनावरचा खर्च म्हणजे पक्षकारांच्या वाट्याला कात्री, आणि किती केसेस आल्या ते रजिस्टरमध्ये असतंच की!

पहिलं म्हणजे, असं अनुदान बऱ्याचदा ठरावीक कामासाठीच मंजूर होतं. ते नाकारलं म्हणून वकिलांच्या पगाराचा आकडा वाढत नाही.

पण खरी गोम रजिस्टरमध्ये आहे. त्यात दारापर्यंत पोचलेल्यांचीच नावं असतात. न आलेल्यांना शोधायला सर्वेक्षणच लागतं. ऑस्ट्रेलियात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात २०,७१६ जणांच्या मुलाखती होत्या. त्यातल्या अवघ्या ९ टक्के लोकांच्या वाट्याला एकूण कायदेशीर अडचणींपैकी ६५ टक्के आल्या होत्या. गरिबांच्या मोफत कायदेशीर मदतीला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन या संस्थेचा २०२२ चा अहवाल तर सांगतो, की अल्प उत्पन्न गटाला ९२ टक्के गंभीर दिवाणी अडचणींत पुरेशी मदत मिळत नाही, किंवा मुळीच मिळत नाही. कुठल्या रजिस्टरात हे सापडलं असतं?

आता साधा नोंदणी अर्ज घ्या. ‘घरभाडे वाद’ एवढंच लिहिलं, तर फक्त केस मोजली जाते. शेजारी ‘नोटीस कधी मिळाली’ हा रकाना वाढवला, की लोक मुदत उलटल्यावर येतात का, हे लगेच कळतं. येत असतील तर आणखी वकील नेमूनही उपयोग कमीच. माहिती आधी पोचवावी लागेल.

गोपनीयतेची शंका मात्र रास्त आहे. विश्लेषणाआधी नाव-पत्ता काढायलाच हवा, आणि त्या कामालाही पैसे लागतात.