व्हायोलिनवादकांच्या सहीच्या वस्तूंचा संग्रह

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या नावाजलेल्या व्हायोलिनवादकांनी स्वतःच्या हाताने सही केलेले फोटो, कार्यक्रमांची छापील पत्रकं म्हणजे प्रोग्राम, पत्रं, छापील नोटेशन, रेकॉर्डची कव्हरं वगैरे जमवायचा हा छंद. नुसत्या सहीला इथे तसा फारसा भाव नाही, ती कशावर केलीय, कधी केलीय आणि सोबत काय लिहिलंय यावर सगळं ठरतं.

सगळ्यात मजेदार प्रकार म्हणजे सुरांसकट केलेली सही. योआखिम (१८३१–१९०७), सारासाते (१८४४–१९०८) यांच्या काळात लोक कलाकारापुढे ऑटोग्राफ अल्बम धरायचे आणि कलाकार मूडमध्ये असला तर नुसतं नाव न लिहिता हातानेच नोटेशनच्या पाच रेघा ओढून आपल्या एखाद्या गाजलेल्या रचनेतले दोन-तीन बार (सुरांचे छोटे तुकडे) लिहायचा, खाली सही, गाव, तारीख. रेघा बहुतेक वाकड्यातिकड्या असतात पण नोट्स एकदम झरझर लिहिलेल्या, कारण हात रोजचाच. नक्कल करणाऱ्याचं उलटं होतं, रेघा सुबक आणि नोट्स चाचपडत काढलेल्या.

पत्रांचं गणित वेगळं. जर्मन संगीतकार ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्सर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, १ जानेवारी १८७९ ला जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये पहिल्यांदा वाजला तेव्हा व्हायोलिनवर योआखिम होता, आणि त्याआधी व्हायोलिनच्या सोलो भागाबद्दल ब्राम्सने त्याचा सल्लाही घेतला होता. अशा कामाबद्दलचं पत्र असेल तर सही राहते बाजूला, मजकुरालाच किंमत. जेवणाच्या आमंत्रणाला 'येतो' एवढंच कळवणारी चिठ्ठी स्वस्तात जाते, मग खाली नाव कितीही मोठं असो.

नकली माल भरपूर आहे. पहिली गोष्ट तारखा जुळवायची. बॉलपेन सर्रास वापरात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे बॉलपेनने केलेली सारासातेची सही बघायचीसुद्धा गरज नाही. सोव्हिएत व्हायोलिनवादक ओइस्त्राख १९७४ मध्ये वारला आणि सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, तरी सीडीच्या कव्हरवर त्याची सही कुणी दाखवली तर हसून पुढे जायचं. तो अमेरिकेत पहिल्यांदा वाजवायला गेला १९५५ मध्ये, त्यामुळे त्याआधीचा न्यूयॉर्कचा प्रोग्राम समोर आला तर आधी प्रश्न विचारायचे, पैशाचं नंतर. दुसरी भानगड छापील सह्यांची, प्रसिद्धीच्या फोटोंवर सही छापूनच यायची. भिंगाखाली धरलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात, खऱ्या पेनाची शाई मात्र कागदात मुरलेली किंवा चकचकीत फोटोवर वर बसलेली दिसते, तिरक्या उजेडात दाबाची खाचही कळते. शिवाय चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देताना सेक्रेटरीनेच केलेल्या सह्या असतात, त्या ओळखणं सगळ्यात अवघड, कारण कागद, शाई, काळ सगळं बरोबर असतं, फक्त हात दुसऱ्याचा. अशा वेळी खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघण्यावाचून इलाज नाही.

कुणाचं किती मिळतं हे बऱ्याच अंशी कारकिर्दीवर आहे. मेन्युहिन १९२० च्या दशकात लहानपणीच स्टेजवर आला आणि १९९९ मध्ये जाईपर्यंत लोकांमध्ये वावरत राहिला, साहजिकच त्याच्या सह्या पुष्कळ. जिनेट नवू १९४९ मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या विमान अपघातात गेली तेव्हा जेमतेम तिशीची होती, त्यामुळे तिच्या सहीचा प्रोग्राम हाती लागणं म्हणजे नशीबच. पागानिनी (१७८२–१८४०) तर फोटोच्या जमान्याआधीचा, तिथे पत्रं आणि हस्तलिखितंच, आणि खेळ बहुतेक लिलावातला.

सांभाळायचं फार अवघड नाही, उन्हापासून लांब आणि आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवायचं, लॅमिनेशन अजिबात नको. मार्करने सही केलेली नवी फॅक्टरीमेड व्हायोलिनं पण विकली जातात, दिसायला झकास, पण ती वाजवायला घेतली की हात आणि घाम लागून सही पुसट होते आणि पॉलिश मारलं तर उरलीसुरलीही जाते, म्हणून ती काचेच्या कपाटातच पडून असतात.