लिंगनबेरी आणि क्रॅनबेरी: एकीला वाफसा, दुसरीला ओल

लिंगनबेरी आणि क्रॅनबेरी ही थंड हवेतली फळझाडं. दोन्ही लाल, आंबट फळांच्या, सदाहरित आणि एकाच व्हॅक्सिनियम वंशातल्या. त्यामुळे क्रॅनबेरीचा सल्ला वाचून लिंगनबेरी लावली जाते आणि वर्षभरात रोप हातचं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण लिंगनबेरी तशी चिवट आहे. कडाक्याची थंडी ती सहज सोसते, पण साचलेलं पाणी तिला सोसत नाही.

आधी ओळख. रोप विकत घेताना त्यावर फळं असतीलच असं नाही, म्हणून पान उलटून बघा. लिंगनबेरीचं पान वरून गडद, चकचकीत, जाडसर असतं. खालची बाजू फिकट, आणि तिच्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक काळसर ठिपके. क्रॅनबेरीच्या पानावर असे ठिपके नसतात आणि ते बरंच लहान, निमुळतं असतं. वाढायची तऱ्हाही निराळी. लिंगनबेरीचं झुडूप फूटभर उंचीचं, ताठ. ते जमिनीखालून खोड पसरवत जातं आणि नवे फुटवे वर काढतं. क्रॅनबेरी मात्र वेलीसारखी जमिनीवर लोळते.

फळ हाती आलं तर शंकाच उरत नाही. लिंगनबेरी वाटाण्याएवढी, घोसात लागते. क्रॅनबेरी तिच्याहून मोठी; आडवी कापली की आत हवेचे चार पोकळ कप्पे दिसतात. म्हणूनच ती पाण्यावर तरंगते, आणि मोठ्या मळ्यांत तोडणीच्या वेळी वाफे पाण्याने भरतात. ते चित्र पाहून लोकांना वाटतं की ही झाडं पाण्यातच वाढतात. खरं तर क्रॅनबेरीचा वाफाही बारा महिने पाण्याखाली नसतो. तिला सतत ओल लागते, एवढंच.

माती दोघींनाही आम्लधर्मी हवी, सामू (pH) ५ च्या आसपास. खरा फरक पाण्याचा. लिंगनबेरीची मुळं उथळ, तंतूसारखी असतात आणि त्यांना मूळरोम (पाणी शोषणारे बारीक केस) नसतात. मातीतल्या बुरशीच्या मदतीने ती अन्न घेतात. पाणी साचलं की ही मुळं गुदमरून कुजतात, आणि वरचा थर सुकला तर तितक्याच लवकर वाळतात. म्हणून तिला कायम वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण पाणी न साचलेली. वाफा थोडा उंच करा, त्यात पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती) आणि जाड वाळू मिसळा, वर पाइनच्या सालीचं आच्छादन द्या. क्रॅनबेरीसाठी नेमकं उलट: खोलगट वाफा, पाणी धरून ठेवणारा.

चुना, राख आणि शेणखत दोघींपासूनही दूर ठेवा. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं द्या, क्षारांचं नको. खत अगदी बेताचं. लिंगनबेरीला तणाशी झगडता येत नाही, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं तण हातानेच उपटा. खुरपं लावलंत तर वरवरची मुळं तुटतील.

एकाऐवजी दोन जातींची रोपं शेजारी लावा, फळधारणा सुधारते. ‘कोराल’सारख्या युरोपीय जाती अनुकूल हवेत वर्षातून दोनदा फुलतात. वसंतातला बहर गोठलेल्या दवाने गेला, तरी उन्हाळ्यातला हाती लागतो.

टिकाऊपणात मात्र लिंगनबेरीला तोड नाही. तिच्यात बेंझोइक आम्ल भरपूर असतं. स्वीडनमध्ये ही फळं बरणीत भरून वर नुसतं पाणी ओतून ठेवायची जुनी पद्धत आहे, साखरेचा कणही न घालता.