अपंगत्वाचे ‘वजन’ आणि सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणात अपंगत्व हा विषय दीर्घकाळ प्रतिबंधाच्या प्रकरणातच अडकून राहिला. कुष्ठरोग, पोलिओ, अंधत्व यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतून तो विद्यार्थ्यांसमोर येई आणि रुग्णसंख्येचा आलेख खाली आला की संपे. वाइल्ड पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्याआधी पोलिओ होऊन गेलेल्या, आज कॅलिपर लावून कामावर जाणाऱ्या माणसाचा विचार त्या आलेखात येत नाही. अपंगत्व-अभ्यास ही शाखा मात्र १९७० च्या दशकातील अपंग कार्यकर्त्यांच्या मांडणीतून वाढली. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने उभे केलेले अडथळे वेगळे, हे तिचे मूळ सूत्र आहे.

दोन्ही विचारांची खरी टक्कर ‘डिसॅबिलिटी वेट’, म्हणजे ‘अपंगत्वाचे वजन’, या संज्ञेवर झाली. १९९३ मध्ये एका जागतिक अहवालाने रोगभार मोजण्यासाठी ‘डॅली’ (डिसॅबिलिटी-अ‍ॅडजस्टेड लाइफ इयर) हे एकक पुढे आणले. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात वा अपंगत्वासह काढलेली वर्षे यांची ती बेरीज होय. दुसऱ्या भागासाठी प्रत्येक स्थितीला ० ते १ असे वजन दिले गेले. ० म्हणजे पूर्ण आरोग्य आणि १ म्हणजे मृत्यू. ही वजने सुरुवातीला आरोग्यतज्ज्ञांच्या गटांनी ठरवली. अंध व्यक्तीच्या आयुष्यातील एक वर्ष किती उणे धरायचे, हे त्या व्यक्तीला न विचारता ठरले, हा आक्षेप आजही पुरता मिटलेला नाही, आणि तो रास्त आहे. २०१० च्या रोगभार-अभ्यासात सर्वसामान्य लोकांच्या सर्वेक्षणातून नवी वजने काढण्यात आली आणि ती केवळ आरोग्यहानी दाखवतात असे स्पष्ट केले गेले. नाव मात्र तेच ठेवले. मराठीत शिकवताना गुंता आणखी वाढतो, कारण या तक्त्यात अर्धशिशीलाही ‘अपंगत्वाचे वजन’ असते, तर आपल्याकडे दाखला आणि सवलतीचा प्रश्न निघाला की पहिली विचारणा ‘किती टक्के?’ अशीच होते आणि ती ४० टक्क्यांच्या अटीपाशी येऊन थांबते.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याच्या कलम ४७ मध्ये डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या शिक्षणात हा विषय आणण्याची तरतूद आहे. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीधराला तेथे ‘इतर व्यावसायिक’ या शब्दांत स्वतःला शोधावे लागते.

या प्रशिक्षणाची निकड सोलापुरात सर्वेक्षणाचा फॉर्म हातात घेतला की कळते. पूर्व भागात, जेथे तेलुगू घरची आणि मराठी दारची भाषा आहे, तेथे ‘घरात कोणी अपंग आहे का?’ या प्रश्नाला सहज ‘नाही’ असे उत्तर मिळते. मात्र ‘ऐकायला त्रास होतो का?’ असे विचारले, की आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहिलेल्या आजोबांकडे घरातले सगळे बघतात. २०११ च्या जनगणनेने पहिल्या पद्धतीने विचारले आणि देशातील अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के भरले. त्याच वर्षी जगासाठी मांडलेला अंदाज सुमारे १५ टक्के होता. या तफावतीचा मोठा वाटा प्रश्न विचारण्याच्या रीतीचा आहे, आणि ती रीत वर्गातच शिकवावी लागते.