जाताना पडण्याचा रिवाज : व्यावसायिक कुस्तीतील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

डब्ल्यूडब्ल्यूई (WWE) या अमेरिकी कंपनीचे व्यावसायिक कुस्तीचे साप्ताहिक कार्यक्रम १ एप्रिल २०२५ पासून भारतात दूरचित्रवाहिनी सोडून इंटरनेटवरील एका सशुल्क सेवेकडे गेले आणि गोव्यातील चाहत्यांमधला एक जुना वाद पुन्हा वर आला. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही गेले तरी या चाहत्यांचे दोन पक्ष आढळतात. एका पक्षाचे कुस्ती पाहणे नव्वदच्या दशकात केबलच्या तारेबरोबर सुरू झाले, तर दुसऱ्याची ओळख रोमन रेन्स या अलीकडच्या मल्लापासून पुढची आहे. जुन्या लढती श्रेष्ठ की नव्या, असा प्रश्न वरवर दिसत असला तरी बोलणे थोडे वाढले की ते हमखास एका मुद्द्यावर येऊन अडते. कंपनी सोडून जाणाऱ्या किंवा निवृत्त होणाऱ्या मल्लाने जाताना हरून जावे, हा या धंद्यातला अलिखित रिवाज आहे. तो कोणी पाळला, कोणी मोडला आणि कोणावर लादला गेला, यावर दोन्ही पक्षांची आवडनिवड बरीचशी ठरते. प्रस्तुत टिपण त्या रिवाजाच्या इतिहासाविषयी आहे.

दूरचा भूतकाळ थोडक्यात सांगता येतो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा पहिलवान आणि पोलंडचा मल्ल झ्बिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक काळ चालूनही बरोबरीत सुटली, कारण झ्बिस्कोने बहुतेक वेळ मॅटला चिकटून बचावच केला. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला तो आलाच नाही आणि विजेतेपदाचा पट्टा गामाकडे गेला. १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. खऱ्या कुस्तीची अडचण या दोन लढतींमधून स्वच्छ दिसते. ती एक तर तासन् तास रेंगाळते, नाही तर प्रेक्षक नीट बसण्याआधीच निकाली होते, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन्ही परवडत नाही. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेत तिघांच्या एका गटाने लढतींना वेळेची मर्यादा घातली, मुष्टियुद्धातला आवेश आणि उचलून आपटण्याचे डाव एकत्र केले आणि निकाल आधी ठरवून मल्लांची मंडळीच गावोगावी फिरवली. आज आपण जे पाहतो त्याचा सांगाडा तेव्हाचाच आहे. भारतात दारासिंग आणि किंगकाँग या मल्लांच्या जोडीने हा प्रकार लोकप्रिय केला. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्यामुळे आणि कोल्हापूरच्या खासबागेसारखे मोठे मैदान इथे नसल्यामुळे आपल्याकडे दारासिंग प्रामुख्याने पडद्यावरून आणि ऐकीव कथांमधूनच पोहोचला.

निकाल ठरलेला असतो हे कळल्यावर त्यात पाहण्यासारखे काय उरते, असे घरातली वडील मंडळी विचारतात. पेडणे किंवा डिचोली भागात जत्रेचा दशावतार पाहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचे मात्र नवल वाटते. राक्षस मरणार हे सगळ्यांना ठाऊक असते, हाती लिहिलेली संहिता नसते, आख्यानाचा शेवट तेवढा पक्का असतो आणि तिथवर पोहोचेपर्यंतची बोलाचाली, लढाई, लांबण हे सारे नट समोरच्या प्रेक्षकाकडे पाहून उभे करतात. व्यावसायिक कुस्तीतही शेवट आणि मोजके टप्पे आधी बोलून ठेवलेले असतात, बाकीचे डाव दोन मल्ल रिंगणातच एकमेकांच्या कानाशी कुजबुजून ठरवत आले आहेत. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यापुढे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ, आजची डब्ल्यूडब्ल्यूई) ही स्पर्धा नसून करमणूक आहे असे स्वतःच मान्य केले. त्यामागे क्रीडा स्पर्धांवरचे नियंत्रण आणि कर चुकवण्याचा हिशेब होता. तरीही त्या कबुलीने प्रेक्षक हटले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रिवाजाचे सर्वांत मोठे उदाहरण २९ मार्च १९८७ चे आहे. पाठदुखीने खंगलेल्या आंद्रे द जायंटने मिशिगनमधल्या एका प्रचंड बंदिस्त मैदानावर हल्क होगनला स्वतःला उचलून आपटू दिले आणि पुढच्या पिढीचा रस्ता मोकळा केला. त्या दिवशी ९३,१७३ प्रेक्षक होते हा कंपनीचा आकडा अभ्यासक मान्य करीत नाहीत, पण तो वाद इथे महत्त्वाचा नाही. कुस्ती म्हणून ती लढत संथच होती. त्याच दिवशी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांनी पंधराएक मिनिटांत जे केले ते आजही डोळे विस्फारायला लावते. तरीही आठवणीत राहिले ते आंद्रेचे पडणे, कारण तिथे एक माणूस आपले मोठेपण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून जात होता.

गोव्यात ही कुस्ती घराघरात पोहोचली ती नंतर, केबल आल्यावर. तिच्याबरोबर पत्त्यांचा जोड आला. प्रत्येक पत्त्यावर मल्लाचे छायाचित्र आणि खाली क्रमांक, उंची, वजन, लढतींची संख्या असे. मुले उंची पुकारत आणि ज्याच्याकडे मोठा आकडा त्याला समोरच्याचा पत्ता मिळे. शाळेच्या व्हरांड्यात जप्त झालेल्या या पत्त्यांमुळे एका पिढीचा असा समज झाला की मल्ल उंचीने आणि वजनाने मोठा होतो. त्या हिशेबात ब्रेट हार्ट हा फारसा किमतीचा पत्ता नव्हता.

प्रस्तुत लेखकाच्या मते या धंद्यात पडद्यावर दिसलेली सर्वांत परिपूर्ण लढत मात्र त्याच हार्टची आहे. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळ रोझमाँट येथे तो स्टीव्ह ऑस्टिनशी लढला आणि समोरच्याने शरणागती पत्करल्याशिवाय निकाल लागणार नाही अशी अट होती. शेवटी हार्टने ऑस्टिनच्या पायांची तिढी घालून, त्याला पालथा करून पाठीवर बैठक मारली. ऑस्टिनच्या कपाळावरचे रक्त गालांवरून दातांपर्यंत ओघळत होते. तो हात टेकून वर उठू पाहत होता, ओरडत होता, पण हार मानत नव्हता, आणि अखेर शुद्ध हरपल्यामुळे पंचाने लढत थांबवली. त्यानंतरही हार्ट त्याला लाथा घालत राहिला. आत येताना नायक असलेला माणूस बाहेर जाताना खलनायक झाला, खलनायक हरून नायक झाला, आणि हे सांगायला एकाही भाषणाची गरज पडली नाही. हरण्यात किती कमाई असू शकते याचा हा वस्तुपाठ होता, आणि तो घडवणाऱ्या हार्टवरच आठ महिन्यांनी हरायला नकार दिल्याचा ठपका आला.

९ नोव्हेंबर १९९७ च्या मॉन्ट्रियलच्या त्या प्रसंगाविषयी इतके बोलले गेले आहे की मूळ क्रम अनेकदा हरवतो. हार्टने १९९६ मध्ये कंपनीशी वीस वर्षांचा करार केला होता. वर्षभरातच, पैशांची ओढाताण असल्यामुळे हा करार निभावता येणार नाही आणि डब्ल्यूसीडब्ल्यू (WCW) या प्रतिस्पर्धी कंपनीकडे जावे, असे कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन यांनी त्याला सांगितले. म्हणजे सोडून जाण्याची सुरुवात हार्टने केली नव्हती. त्याच्याविरुद्ध बोलणारे हा भाग सोयीस्करपणे गाळतात. अडचण अशी झाली की त्या वेळी विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडेच होता आणि पुढची मोठी लढत कॅनडात, त्याच्या स्वतःच्या देशात, शॉन मायकल्सशी ठरलेली होती. दोघांचे प्रत्यक्षात विस्तवही न जाण्याइतके वैर होते. तुझ्यासाठी मी कधी पडणार नाही, असे मायकल्सने आपल्याला तोंडावर सांगितल्याचे हार्ट सांगत आला आहे. करारात शेवटच्या तीस दिवसांसाठी आपल्या भूमिकेबाबत वाजवी मत देण्याचा हक्क हार्टला लेखी मिळालेला होता. या हक्काच्या आधारे त्याने त्या रात्री, त्या शहरात, त्या माणसाकडून हरण्यास नकार दिला, मात्र नंतर पट्टा सोडून देण्याची किंवा दुसऱ्या कोणाकडूनही हरण्याची तयारी दाखवली.

कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. १९९५ च्या डिसेंबरात तिची महिला विजेती प्रतिस्पर्ध्यांकडे गेली होती आणि तिने थेट प्रक्षेपणात पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. प्रतिस्पर्धी कंपनी तेव्हा प्रेक्षकसंख्येत सलग ८३ आठवडे पुढे राहिली आणि मॉन्ट्रियलची रात्र त्याच कालखंडातली आहे. मुख्य पट्टा त्या दिशेने गेला असता तर काय, ही भीती पोकळ नव्हती. शिवाय जाताना पडून जावे हा रिवाज हार्टलाही मान्य होता, मग ठिकाण आणि प्रतिस्पर्धी निवडण्याचा हट्ट कशाला, असे या पक्षाचे म्हणणे असते.

शेवटी ठरले ते असे की लढत हाणामारीत मोडायची, निकाल लागू द्यायचा नाही आणि पट्ट्याचे दुसऱ्या दिवशी पाहायचे. लढतीच्या बाराव्या मिनिटाच्या आसपास मायकल्सने हार्टवर हार्टचाच डाव, म्हणजे शार्पशूटर, घातला. ठरल्याप्रमाणे हार्ट तो उलटवणार होता आणि चित्रफीत थांबवून पाहिल्यास दिसते की त्याने मायकल्सच्या पायाला हात घातलेलाच होता. तेवढ्यात रिंगणाशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मालकांनी घंटा वाजवण्यास फर्मावले, पंचाने हार्टने शरणागती दिल्याची खूण केली, घंटा वाजली आणि पंच रिंगणातून उतरून थेट बाहेर उभ्या मोटारीकडे धावला. हार्टने शरणागतीची खूण म्हणून हात आपटला नव्हता, तोंडाने हार मानली नव्हती. तो मालकांच्या तोंडावर थुंकला, हवेत बोटाने नव्या कंपनीची अक्षरे काढली आणि नंतर कपडे बदलण्याच्या खोलीत त्याने मालकांना ठोसा लगावला. आपल्याला काहीच माहीत नव्हते असे मायकल्स काही वर्षे सांगत राहिला आणि नंतर त्याने आपला सहभाग कबूल केला.

रिवाज मोडला असेल तर तो हार्टने किती आणि कंपनीने किती, याचा हिशेब लेखकाला अवघड वाटत नाही. दोन मल्ल एकमेकांच्या हाती मान, कणा आणि गुडघे सोपवतात ते समोरचा ठरल्याबाहेर जाणार नाही या भरवशावर. पडून जाण्याचा रिवाज याच भरवशावर उभा आहे. भरवसा गेला की पडणे म्हणजे नुसते पाडले जाणे. मायकल्सने पायांना पकड घातली तेव्हा हार्टने ती घालू दिली होती. विरोधी मताचे चाहते यावर धंदा वाचला ना, एवढेच विचारतात, आणि धंदा वाचला हे खरे आहे.

त्या रात्रीनंतर मालक स्वतःच पडद्यावरचे खलनायक झाले, ऑस्टिनशी त्यांचे भांडण लागले आणि एप्रिल १९९८ मध्ये ती ८३ आठवड्यांची साखळी तुटली. प्रतिस्पर्धी कंपनीला हार्टचे काय करावे हे कधीच उमगले नाही. डिसेंबर १९९९ मध्ये एका लढतीत डोक्याला बसलेल्या लाथेने त्याची कारकीर्द संपली आणि २००१ च्या मार्चमध्ये ती कंपनीच विकत घेतली गेली. हार्ट ४ जानेवारी २०१० रोजी परतला आणि रिंगणात मायकल्सला भेटला. मार्चमध्ये त्याने मालकांशी लढतही केली. पक्षाघातातून उठलेल्या माणसाची ती लढत पाहवत नव्हती आणि ती झाली नसती तर बरे झाले असते.

नव्या पिढीला हा सगळा प्रकार ऐकीव आहे, तिचे दाखले वेगळे आहेत. ६ एप्रिल २०१४ रोजी अंडरटेकरची रेसलमेनिया या वार्षिक मोठ्या कार्यक्रमातली एकवीस विजयांची मालिका ब्रॉक लेस्नरने तोडली. तो निर्णय त्याच दिवशी बदलल्याचे खुद्द अंडरटेकरने नंतर सांगितले. प्रेक्षागारात पसरलेली ती अविश्वासाची शांतता पडून जाण्याच्या रिवाजाला शोभणारी होती, पण लाभ मिळाला तो आधीच मोठ्या असलेल्या मल्लाला. भारतीय मल्लांविषयी आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते. २००७ मध्ये खली आणि २०१७ मध्ये भारतीय वंशाचा कॅनडियन मल्ल जिंदर महल विजेते झाले, परंतु दोघांच्या लढतींपेक्षा बाजारपेठेचा विचारच त्यात अधिक होता, हे चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही. जपानमध्ये ४ जानेवारी २०१७ रोजी ओकाडा आणि ओमेगा सेहेचाळीस मिनिटांहून अधिक लढले. आपल्याकडे ती लढत फारच थोड्यांनी पाहिली असेल, पण नव्या लढती जुन्यांपेक्षा हलक्या म्हणणाऱ्याने आधी ती पाहावी. रोमन रेन्सने १,३१६ दिवस पट्टा राखून ७ एप्रिल २०२४ रोजी तो कोडी ऱ्होड्सकडे सोडला तेव्हा इतकी लांबण लावलेल्या आख्यानाला साजेसा शेवट झाला, फक्त मधल्या लढतींमध्ये सोबत्यांची घुसखोरी एवढी होती की निकाल कोणाच्या अंगबळावर लागला हे सांगणे कठीण होई.

जॉन सीनाचा निरोप या वादात सर्वांत ताजा. २० एप्रिल २०२५ रोजी त्याने सतरावे विजेतेपद मिळवले, तेही लबाडी करून आणि बाहेरच्या माणसाची मदत घेऊन, आणि लढत म्हणून ती निस्तेजच होती. १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याची शेवटची लढत गुंथरशी झाली. गुंथरने मागून गळ्याला पकड घातली, सीनाने बराच वेळ दाद दिली नाही, मग तो किंचित हसला आणि त्याने हात आपटला. वर्षानुवर्षे कधीही हार न मानण्याचे घोषवाक्य छातीवर मिरवणाऱ्या माणसाने असे जावे हे प्रेक्षकांना रुचले नाही आणि त्यांनी कंपनीच्या पदाधिकाऱ्यांची हुर्यो उडवली. गोव्यातल्या तरुण चाहत्यांचेही मत बहुतांशी तेच आहे. जुना पक्ष मात्र या एका बाबतीत सीनाच्या बाजूने आहे, कारण इथे जाणाऱ्याला विचारले गेले होते, कोणापुढे पडायचे हे त्याला ठाऊक होते आणि घंटा त्याने हात आपटल्यानंतर वाजली.