अग्निशमन जवानांना मदत करायची आहे? ठाणे-नवी मुंबईत नाव कुठं आणि कसं नोंदवायचं

जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बचावासाठी निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला डोंगर चढतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. शोधकार्य पुढे काही दिवस चाललं. इतक्या लांबलेल्या कामात जवानाला पाणी, सावली आणि "आता बसा" असं बजावणारं माणूस लागतं. अमेरिकेत स्वयंसेवी तुकड्या याचंच प्रशिक्षण घेतात. तिथल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १५८४ क्रमांकाच्या मानकानुसार (आता ते १५८० मध्ये सामावलंय) श्वसनयंत्राचे अर्ध्या तासाचे दोन सिलिंडर संपले किंवा ४० मिनिटं जोराचं काम झालं, की किमान २० मिनिटं विश्रांती द्यायची.

आपल्याकडे या कामाच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या वाटा दोन.

पहिली, नागरी संरक्षण दल. १९६८ च्या कायद्याखालची ही संघटना केवळ युद्धासाठी होती. नंतरच्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनही तिच्या कामात आलं. वय १८ पूर्ण आणि किमान चौथी पास, एवढीच मूळ अट. दलात बारा सेवा आहेत. अर्ज भरताना बहुतेक जण उत्साहाने 'अग्निशमन' किंवा 'बचाव' सांगतात. पाठीमागचं काम करायचं असेल तर 'कल्याण' (शहर नव्हे, सेवा!), 'पुरवठा' किंवा 'भांडार व वाहतूक' यांबद्दल आवर्जून विचारा. खाणं-पाणी, निवारा, सामानाची ने-आण ही कामं तिथं येतात. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवरही नागरी संरक्षण स्वयंसेवक म्हणून नाव देता येऊ लागलं, पण प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी स्थानिक कार्यालयाशी संपर्क ठेवलेला बरा.

दुसरी, 'आपदा मित्र'. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ४०, किमान सातवी पास, त्याच जिल्ह्यातला रहिवास आणि शारीरिक तंदुरुस्ती हव्यात. माजी सैनिकांसारख्यांना वयात सवलत मिळू शकते. प्रशिक्षण १२ दिवसांचं: प्रथमोपचार, सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबून देण्याची मदत), पूर, आग, शोध आणि सुटका. त्यानंतर प्रमाणपत्र, ओळखपत्र, विमा आणि आपत्कालीन साहित्याचं किट. पगार नाही. प्रशिक्षणाच्या तुकड्या सतत सुरू नसतात, म्हणून पावसाळ्याच्या बऱ्याच आधी चौकशी करून ठेवा. एनसीसी किंवा एनएसएसमध्ये असाल तर 'युवा आपदा मित्र' आहे. त्याचं नाव तुमच्या युनिटमधूनच जातं.

आता सगळ्यांत जास्त फेऱ्या मारायला लावणारी गोष्ट: 'आपदा मित्र'साठी तुमचा जिल्हा कोणता. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. तिथल्यांनी कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष गाठायचा. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगडमध्ये, म्हणजे जिल्हा मुख्यालय अलिबाग. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलंय म्हणून ठाण्याला जाऊ नका. घर सोडण्याआधी १०७७ वर कक्षाला फोन करून विचारा. हा नंबर त्या-त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा.

कागदपत्रं: आधार, रहिवासाचा पुरावा (भाड्याने राहत असाल तर करारनामा), शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा, शेवटची गुणपत्रिका, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. चारित्र्य पडताळणी मागतील का, हे आधीच विचारा, कारण त्यात दिवस जातात. रक्तगट आणि घरच्यांचा संपर्क क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून न्या. पोहणं, अवजड वाहन चालवणं, नर्सिंग यांपैकी काही येत असेल तर तेही अर्जात लिहा. लोक हे सांगायचंच विसरतात.

नाव नोंदवलं म्हणजे सायरन ऐकून धावायचं असं नाही. बोलावणं आलं तरच जायचं, ओळखपत्र गळ्यात ठेवायचं, पोहोचल्यावर घटनास्थळाच्या प्रमुखाकडे हजेरी द्यायची आणि निघताना तिथंच सांगून निघायचं. आत किती माणसं आहेत, हे त्याच हजेरीवरून मोजतात.