पोटाचा पट्टा आणि ‘टोनिंग’ नावाचा घोळ

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट मांडीला ‘करंट’ देतात, तेव्हा मांडी नटासारखी दिसेल अशी आशा कुणी धरत नाही. वापराविना स्नायू वाळू नये, एवढाच हेतू असतो. तोच करंट पोटाला बांधायच्या विजेच्या पट्ट्यातून विकायला आला की मात्र ‘टोनिंग’ हा शब्द पुढे येतो. शरीरशास्त्रात ‘टोन’ म्हणजे विश्रांतीतही स्नायूत असलेला ताण. जाहिरातीत त्याचा अर्थ सपाट पोट. भांडण या दोन अर्थांमधलं आहे.

विजेने स्नायू आखडतो, याबद्दल वाद कधीच नव्हता. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग १७९१ मध्ये छापले. फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युत-प्रवर्तन (बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होणं) शोधल्यावर तसल्या प्रवाहाची यंत्रं बनली, आणि फ्रान्समध्ये ड्युशेन या डॉक्टरने ओले इलेक्ट्रोड (वीज पोचवणारी टोकं) त्वचेवर टेकवून एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला. त्याचं पुस्तक १८५५ चं. ‘फॅराडिक करंट’ हे नाव फिजिओथेरपीत अजून टिकून आहे. हा सगळा खटाटोप लकवा झालेल्या रुग्णांसाठी होता.

सौंदर्याचा धंदा नंतरचा. अमेरिकेत १९४९ पासून ‘रिलॅक्स-ए-सायझर’ हे यंत्र बसल्याजागी सडपातळ करतो म्हणत विकलं गेलं, सुमारे चार लाख नग. १९७० मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयाने ते धोकादायक ठरवून विक्री थांबवली. हर्निया, अल्सर, अपस्मार असे आजार बळावण्याचा आणि गर्भपाताचा धोका तिथे मांडला गेला होता.

याच दशकात खेळाच्या बाजूने वेगळीच हवा आली. सोव्हिएत संशोधक याकोव्ह कॉट्सने १९७७ मध्ये मॉन्ट्रियलला आपली पद्धत सांगितली: २५०० हर्ट्झचा प्रवाह, सेकंदाला ५० तुकड्यांत, १० सेकंद चालू आणि ५० सेकंद बंद, अशी दहा आवर्तनं. ताकद ४० टक्क्यांपर्यंत वाढते, असा दावा होता. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना तेवढी वाढ काही मिळाली नाही. पण ‘रशियन करंट’ हे नाव रुजलं.

२००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘स्लेंडरटोन फ्लेक्स’ या पट्ट्याला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची मंजुरी दिली, पोटाचे स्नायू बळकट करण्यापुरती. वजन किंवा घेर कमी करण्यासाठी नव्हे. टीव्हीवर मात्र स्वस्त पट्ट्यांचा पूर आला आणि मे २००२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ‘अ‍ॅबट्रॉनिक’, ‘अ‍ॅब एनर्जायझर’ आणि ‘फास्ट अ‍ॅब्ज’ यांच्यावर खटले भरले. टेलिब्रँड्स या कंपनीचा ‘अ‍ॅब फोर्स’ पट्टा चलाख निघाला. ‘टीव्हीवरचे महागडे पट्टे पाहिलेत ना, तसाच हा, पण १० डॉलरला’ इतकंच म्हणायचं, आणि पडद्यावर घोटीव पोटाची माणसं. स्पष्ट दावा केला नाही तरी तो सूचित होतोच, असा निकाल आयोगाने २००५ मध्ये दिला.

विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठात जॉन पोरकारी यांच्या गटाचे दोन अभ्यास इथे शेजारीशेजारी वाचावेत. २००२ मध्ये साध्या घरगुती यंत्राने, आठवड्यातून तीनदा, ८ आठवडे करंट दिला. ताकद, वजन, चरबी, दिसणं, कशातच फरक नाही. २००५ मध्ये ‘स्लेंडरटोन फ्लेक्स’ने, आठवड्यातून पाचदा, ८ आठवडे: पोटाची ताकद ५८ टक्के वाढली, दम दुपटीवर गेला, कंबर सुमारे साडेतीन सेंटिमीटर आत आली. वजन आणि त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तशीच राहिली. म्हणजे स्नायू घट्ट होऊन पोट आत ओढलं गेलं, वितळलं काहीच नाही.

असा फरक पडतो तो मुख्यतः करंटच्या जोरामुळे. स्पंद (विजेचा एकेक झटका) साधारण २०० ते ४०० मायक्रोसेकंदांचा आणि वारंवारता (सेकंदाला किती स्पंद) ३५ ते ८० हर्ट्झ असेल, तर स्नायू सलग आवळून राहतो. १० हर्ट्झच्या आसपास नुसती थडथड होते. नुसत्या मुंग्या येत असतील तर फक्त संवेदना-नसा जाग्या झाल्यात, व्यायाम झालेला नाही. चरबी विजेला अडवते, त्यामुळे ज्याचं पोट सुटलंय त्याच्याच स्नायूपर्यंत करंट कमी पोचतो, आणि वाढवला तर आधी त्वचाच चरचरते. शिवाय स्वतः व्यायाम करताना तंतू आळीपाळीने कामाला लागतात. करंटखाली पॅडजवळचे (पॅड म्हणजे पट्ट्यातून त्वचेला करंट देणारी जेलची चकती) तेच ते तंतू एकदम आखडतात आणि लवकर दमतात. खालचा खोल स्नायू बराचसा वगळला जातो.

पॅडची जेल वाळली किंवा कड सुटली, की सगळा प्रवाह उरलेल्या लहान भागातून जातो आणि तिथे डंख मारल्यासारखं होतं. तेव्हा जोर वाढवू नये, पॅड बदलावा. पेसमेकर, गरोदरपण, हर्निया, अपस्मार किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर पट्टा बांधूच नये. संपूर्ण अंगाला करंट देणाऱ्या सूटमध्ये पहिल्याच दिवशी जोर वाढवून स्नायूंचे तंतू फुटल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत. त्यानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर थेट रुग्णालय गाठावं.