पट्टे सारखे, जात वेगळी: डॉमिनिक आणि पट्टेदार प्लिमथ रॉक

प्रदर्शनात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोंबडी दिसली की बहुतेक जण तिला डोळे झाकून प्लिमथ रॉक म्हणून मोकळे होतात. तशाच पट्ट्यांच्या डॉमिनिक जातीच्या कोंबड्या मुळात संख्येनं थोड्या, त्यामुळे हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. पण दोन्ही जाती शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत असल्या की नवशिक्या हमखास गोंधळतो. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. दोघींचे पाय पिवळे, कानाच्या पाळ्या लाल, अंडी तपकिरी. पट्टे पाडणारं जनुकसुद्धा एकच.

ओळखायला सगळ्यांत सोपा तो तुरा. प्लिमथ रॉकचा तुरा एकेरी, सरळ उभा, पाच दात्यांचा. डॉमिनिकचा ‘रोज कॉम्ब’, म्हणजे डोक्याला लगटून बसलेला, रुंद, वरून बारीक दाण्यांचा आणि मागे एका टोकात निमुळता होणारा. ते टोक किंचित वर वळलेलं असतं.

आज तुरा हा या दोन जातींमधला सरळ फरक वाटतो, पण तो माणसांनी ठरवून घातलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या पट्टेदार कोंबड्यांना सरसकट डॉमिनिकच म्हणत आणि त्यांत दोन्ही तऱ्हांचे तुरे असत. 1849 मध्ये बॉस्टनच्या प्रदर्शनात प्लिमथ रॉक या नावानं जे पक्षी मांडले गेले ते निराळेच होते आणि पुढे ते मागे पडले. आजची प्लिमथ रॉक लोकांपुढे आली ती 1869 मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी. तिच्या मुळाशी एकेरी तुऱ्याचा डॉमिनिक नर आणि मोठ्या अंगाच्या काळ्या माद्या होत्या. मग 1870 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या प्रदर्शन मंडळींनी ठरवलं की रोज कॉम्ब असेल तीच डॉमिनिक, एकेरी तुऱ्याच्या सगळ्या प्लिमथ रॉकच्या गटात. कालपर्यंत डॉमिनिक म्हणून मिरवणारी कोंबडी केवळ तुऱ्यापायी दुसऱ्या जातीत जमा झाली. 1874 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचं पहिलं मानक पुस्तक, म्हणजे प्रत्येक जात कशी दिसायला हवी ते सांगणारं पुस्तक, निघालं, त्यात दोन्ही जाती वेगवेगळ्या नोंदल्या गेल्या.

आता पीस हातात घेऊन बघा. माझ्या मते खरी गंमत इथे आहे. चांगल्या पट्टेदार प्लिमथ रॉकच्या पाठीवरचं एक पीस उजेडात धरलं, तर गडद आणि पांढरे पट्टे आडवे, सरळ, सारख्या रुंदीचे दिसतात आणि कडा कापल्यासारख्या साफ असतात. ते पट्टे पिसाच्या मुळाशी असलेल्या मऊ लवेतही उतरलेले असतात. टोकाला बारीक गडद कड हवीच. डॉमिनिकच्या पिसावर पट्टे असतात, पण शिस्त नसते. ते थोडे वाकतात, कडा एकमेकींत मिसळतात, पांढरा रंग राखाडीकडे झुकतो. त्यामुळे लांबून प्लिमथ रॉकच्या अंगावर रेषा दिसतात आणि डॉमिनिकच्या अंगावर करड्या रंगाची लहर. डॉमिनिकमध्ये हा दोष नाही, मानकाला तेच हवं आहे. साफ पट्ट्यांमागे एक कारण पिसं हळू वाढवणाऱ्या जनुकाचं आहे. प्रदर्शनाच्या प्लिमथ रॉकमध्ये ते जपलेलं असतं. पीस सावकाश वाढलं की पट्टे अरुंद आणि रेखीव पडतात.

नर-मादीच्या रंगाचा प्रश्नही याच पट्ट्यांतून निघतो. पट्ट्यांचं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे त्याच्या दोन प्रती, कोंबडीकडे एकच. दोन प्रतींमुळे पांढरा पट्टा रुंद होतो, म्हणून कोंबडा नेहमी फिका दिसतो. (याच कारणानं एका दिवसाच्या पिल्लाचं लिंगही अंदाजानं सांगता येतं. नर पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका मोठा आणि पसरट असतो, मादीचा लहान आणि आटोपशीर.) डॉमिनिकच्या मानकानं हा फरक मान्य केला आहे, नर मादीहून एखाद-दोन छटा फिका चालतो. प्लिमथ रॉकवाल्यांनी मात्र हट्ट धरला की दोघं एकाच छटेचे दिसले पाहिजेत. त्यासाठी हौशी मंडळी दोन वेगळे वंश सांभाळू लागली. एका वंशातून प्रदर्शनाचे कोंबडे काढायचे; त्यातल्या माद्या जास्तच गडद निघतात. दुसऱ्यातून प्रदर्शनाच्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, काढायच्या. त्यातले नर फारच फिके. दुप्पट खुराडी, दुप्पट खाद्य आणि प्रत्येक वंशातली निम्मी पिल्लं पिंजऱ्यात मांडण्याजोगी नाहीत. कौशल्य वादातीत, पण मला हा हट्ट अतीच वाटतो.

अंगलोटाचं थोडक्यात सांगतो. प्लिमथ रॉक भारी आहे. पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचं मानक वजन सुमारे 4.3 किलो, कोंबडीचं 3.4. डॉमिनिकमध्ये हेच आकडे 3.2 आणि 2.3. प्लिमथ रॉकची पाठ लांब आणि रुंद. डॉमिनिक सडपातळ, मान उंच धरणारी, नराच्या शेपटीची पिसं लांब आणि कमानदार. आणखी एक गोष्ट, प्लिमथ रॉक ही जात आहे आणि पट्टेदार हा तिचा फक्त एक रंग. पांढरी, बदामी, निळी प्लिमथ रॉकही असते. डॉमिनिकला मात्र हा एकच रंग आहे.

हे सगळं कळूनही फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिलं, मोठ्या उबवण केंद्रांतून येणारी प्लिमथ रॉक. तिथे निवड अंड्यांच्या संख्येवर होते, पिसांकडे कोण बघतो? तिचे पट्टे फिसकटलेले आणि अंग हलकं असतं. नुसतं पीस बघून तिला डॉमिनिक म्हणाल, तेव्हा तुरा तपासायलाच हवा.

दुसऱ्या ठिकाणी फसवतो तो तुराच. रोज कॉम्बचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत असली तरी तोच तुरा दिसतो, त्यामुळे रोज कॉम्ब असलेल्या आईबापांतही एकेरी तुरा लपून राहू शकतो. दोघांकडे तो लपलेला असला, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघतं. हे पिल्लू अस्सल डॉमिनिकच. फक्त प्रदर्शनात बाद. त्याला प्लिमथ रॉकच्या गटात मांडायचा मोह झाला तरी पंच अंगलोट बघून परत पाठवेल. पण म्हणून ते कळपातून काढून टाकायची घाई नको. रोज कॉम्बच्या दोन्ही प्रती असलेल्या नरांचे शुक्रजंतू मंद असतात आणि अंडी कमी फळतात. पैदाशीच्या खुराड्यात एखादी एकेरी तुऱ्याची मादी ठेवली, तर तिच्या रोज कॉम्बच्या नर पिल्लांकडे त्या जनुकाची एकच प्रत जाते, तुरा मानकाप्रमाणेच दिसतो आणि अंडीही नीट फळतात.